तिकडं ऐकू जाईना म्हणजे नेमकं कुठं अडलंय

आमच्या गल्लीत कुणाच्या कॉम्प्युटरचा माईक चालेना झाला की हाक मलाच येते, आणि मी पोचेपर्यंत त्यांनी ॲप काढून परत टाकलेलं असतं, रिस्टार्ट मारून झालेला असतो, कुठल्यातरी भाच्यानं फोनवर सांगितलं म्हणून ड्रायव्हर, म्हणजे माईक-स्पीकर चालवणारा प्रोग्रॅमपण उडवलेला असतो, आणि हेडफोनची पिन मात्र हिरव्या भोकातच खोचलेली असते. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकूया. लॅपटॉप-मोबाईलवाल्यांना हा त्रास त्या मानानं कमी, त्यांचा माईक आतच बसवलेला. डेस्कटॉपला बहुतेक वेळा माईक नसतोच, बाहेरनं लावावा लागतो, आणि आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाईन शाळेसाठी असेम्बल करून घेतलेले डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत आहेत. ती शाळा संपली, पण कॉम्प्युटर राहिला. आता त्याच्यावर पुण्याच्या लेकीशी गप्पा, दुबईच्या जावयाला कॉल, कुणाचा बेंगळूरच्या कंपनीचा इंटरव्ह्यू, असं काय काय चाललेलं असतं.

माझं म्हणणं एकच, सेटिंगला हात लावायच्या आधी आवाज कुठपर्यंत पोचतोय ते बघा. शेवटच्या सरीला पाणी पोचेना झालं तर शेतकरी काही लगेच मोटर बदलत नाही, पाटाच्या कडेनं चालत जातो आणि कुठं फुटलाय, कुठं तुंबलाय ते बघतो. इथं पण वाट ठरलेली आहे. माईक, वायर, पिन, भोक, साउंड कार्ड म्हणजे आवाजाचं काम बघणारा कॉम्प्युटरमधला भाग, मग विंडोज, मग ॲप, मग नेट, आणि शेवटी पलीकडच्याचा स्पीकर. ह्यातलं एकच काहीतरी अडलेलं असतं, आणि लोक बाकीचं सगळं उसवून ठेवतात.

पहिलं एक फुकटचं काम. विंडोज दहा असूदे नाहीतर अकरा, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोन उघडा. तिथं बटणं असतात, त्यातलं सगळ्यात खालचं, डेस्कटॉप ॲप्सना माईक वापरू द्यायचा की नाही हे विचारणारं, लोक बघतच नाहीत, आणि झूम, क्रोम असले प्रोग्रॅम त्याच बटणात येतात. वरची सगळी चालू आणि हे एक बंद असेल तरी तुम्ही मुके. एखाद्या अपडेटनंतर किंवा कुणीतरी 'प्रायव्हसीसाठी' म्हणून बंद केल्यावर हे होतं. काही अँटिव्हायरसमध्येपण वेबकॅम-माईक राखायची सोय असते, ती वेगळी बघायची.

आता मधली जागा, जिथनं अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही कळतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात एम एम एस वाय एस डॉट सी पी एल असं सलग इंग्लिशमध्ये टाइप करून एंटर मारा. जुनी साउंडची खिडकी उघडते, विंडोज अकरामध्येपण ती अजून आहे आणि मला तीच आवडते, नव्या सेटिंग्जमध्ये तीच गोष्ट चार ठिकाणी पसरून ठेवलीय. त्यात रेकॉर्डिंगवर जा. प्रत्येक माईकसमोर बारीक आडव्या रेघांची उभी पट्टी असते, बोललं की ती खालनं हिरवी होत वर चढते. आता माईकवर नखानं हलकी टिचकी मारा. पट्टी हलली तर माईक, वायर, पिन, साउंड कार्ड सगळं पास, हार्डवेअरला हात लावू नका, घोटाळा पुढं आहे. हलली नाही तर ॲप शंभर वेळा काढून टाकलं तरी काय व्हायचं नाही, घोटाळा मागं आहे. यादीत माईकच दिसेना तर रिकाम्या जागेवर राईट क्लिक करून बंद केलेली डिव्हाइस दाखवा म्हणायचं, कधी कधी बिचारा तिथं डिसेबल होऊन पडलेला असतो.

मागच्या बाजूचं आधी सांगतो कारण मला बोलावणं येतं ते बहुतेक ह्यासाठीच.

शहापूरला आमचे एक काका आहेत, रिटायर झालेत, त्यांचा फोन आला. "हे बघ की रे, मला सगळ्यांचं ऐकू येतंय, माझं कुणाला ऐकूच जाईना." मी विचारलं, "काका, हेडफोन कुठला लावलाय ओ?" "मोबाईलचाच की. नवा आहे, मोबाईलला झकास चालतोय." तिथंच कळलं. जाऊन पिन काढून उजेडात धरली तर तिच्यावर तीन काळ्या रेघा. तीन रेघा म्हणजे पिनीचे चार भाग, डावा कान, उजवा कान, अर्थिंग आणि माईक, सगळं एकाच पिनीत. डेस्कटॉपच्या मागची भोकं जुन्या पद्धतीची असतात, दोन रेघांच्या पिनीसाठी केलेली. हिरवं फक्त ऐकायला, गुलाबी फक्त माईकला, निळं लाइन-इनला म्हणजे मिक्सर-टेपसारख्या दुसऱ्या मशीनचा आवाज आत घ्यायला, हे रंग १९९९ सालच्या आसपास पीसी ९९ म्हणून जे नियम आले तेव्हापासनं चालत आलेत. मोबाईलची पिन हिरव्यात घातली की ऐकू येणार, पण माईकचा जो चौथा भाग आहे त्याला टेकायला तिथं काही नाहीच. काकांनी मग ती गुलाबीतपण घालून बघितलेली, त्यात तर ऐकायचंपण गेलं.

ह्याला एक बारीक वायर मिळते, एका टोकाला मोबाईलचा हेडफोन घालायचं भोक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना, एक हिरव्यात आणि एक गुलाबीत. पण सांभाळून, अगदी तशीच दिसणारी दुसरी वायर येते, एका गाण्याला दोघांनी दोन हेडफोन लावून ऐकायची, आणि खडे बाजारात घाईत नुसतं "स्प्लिटर द्या" म्हटलं तर तीच हातात पडते. तिला एक पिन आणि दोन भोकं असतात, आपल्याला उलटं पाहिजे, एक भोक आणि दोन पिना. काही नव्या कॅबिनेटला पुढं एकच भोक असतं आणि त्याच्यावर हेडफोनसोबत माईकचंपण चित्र काढलेलं असतं, तिथं मोबाईलचा हेडफोन सरळ चालतो, वायर-बियर काही नको.

पुढच्या भोकावरनं आठवलं. असेम्बल केलेल्या मशीनमध्ये पुढची भोकं नुसती शोभेलाच असतात कित्येकदा. कॅबिनेटच्या पुढच्या पॅनलपासनं एक लांब वायर आत मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर जाते, टोकाला बारीक काळा प्लग असतो, त्याच्यावर एचडी ऑडिओ लिहिलेलं असतं, आणि बोर्डावर नऊ पिनांची जागा असते, बहुतेक खालच्या कडेला कोपऱ्यात. जोडणाऱ्यानं तो प्लग घातलाच नाही तर पुढं माईक लावला काय आणि नाही लावला काय. नातेवाइकांकडच्या एका मशीनमध्ये तो प्लग तसाच गुंडाळून रबर बँड लावून ठेवलेला होता, आणि त्या घरच्यांनी तोवर नवीन हेडसेटवर पैसे घातलेले. कुणाचं दुकान ते जाऊदे. माईक मागच्या गुलाबी भोकात चालतोय आणि पुढं चालत नाही असं दिसलं की कॅबिनेटचं डाव्या बाजूचं पान उघडून बघा, मशीन बंद करून आणि वायर काढून बरं का.

आता समजा पट्टी हलतेय तरी पलीकडं आवाज नाही. मग बघायचं की तुम्ही ज्या माईकमध्ये बोलताय तोच माईक ॲप ऐकतंय का. मॉनिटरवर वेबकॅम बसवला की त्याचा स्वतःचा माईक येतो, आणि विंडोज किंवा ॲप तोच धरून बसतं. तुम्ही हेडसेट लावून हळू बोलताय आणि आवाज जातोय वेबकॅममधनं, त्यामुळं पलीकडचा म्हणतो लांबनं बोलल्यागत येतंय. त्यात विंडोजमध्ये डिफॉल्ट डिव्हाइस म्हणजे नेहमीसाठीचं वेगळं आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस म्हणजे कॉलसाठीचं वेगळं ठेवता येतं, कॉलचे प्रोग्रॅम बऱ्याचदा दुसरं धरतात, शिवाय झूम, मीट, टीम्स ह्यांच्या आत परत स्वतःची यादी. ब्राउझरमधनं कॉल असेल तर ॲड्रेसच्या डाव्या बाजूचं चिन्ह दाबून त्या साइटला माईकची परवानगी आहे का बघायचं, पहिल्यांदा विचारल्यावर घाईत 'ब्लॉक' दाबलेलं असतं आणि मग ब्राउझर परत विचारतच नाही. आणि हेडसेटच्या वायरीवरचं बारीक म्यूटचं बटण. ते सरकलेलं असतं. मी आता सगळ्यात आधी तेच बघतो आणि कुणाला सांगत नाही, गपचूप सरकवतो, उगाच समोरच्याला ओशाळल्यासारखं नको.

माईक तपासायला जुनं स्काईप होतं तेव्हा एक फार चांगली सोय होती. इको की साउंड टेस्ट सर्व्हिस नावाचा एक कॉन्टॅक्ट असायचा, त्याला कॉल लावला की बीप वाजायची, आपण दहा सेकंद बोलायचं आणि तोच आवाज परत ऐकवायचा. २००३ साली सुरू झालेलं स्काईप ५ मे २०२५ ला बंद झालं, आणि मला त्यातलं दुसरं काही नाही, ती टेस्टच आठवते. आता झूम आणि टीम्सच्या सेटिंगमध्ये तसली टेस्ट आहे, आणि काहीच नसेल तर विंडोजमधलं साउंड रेकॉर्डर उघडून चार वाक्यं बोलायची आणि ऐकायची. पाव्हणे लाइनवर यायच्या आधी हे करा, पाव्हण्यांना ताटकळत ठेवून नको.

आवाज जातोय पण फार बारीक जातोय ही वेगळी तक्रार. मघाच्या त्या साउंडच्या खिडकीत रेकॉर्डिंगमध्ये माईकवर डबल क्लिक केलं की लेव्हल्स येतात, खाली मायक्रोफोन बूस्ट असतो, दहा-दहा डेसिबलनं वाढतो, साधारण तीसपर्यंत. वीसपर्यंत ठीक, तीसला नुसती खरखर. खानापूरकडच्या एका भजनी मंडळानं एकादशीला बाहेरगावच्या लोकांना ऑनलाइन भजन ऐकवायचं ठरवलं, आणि गाण्याचा जाड पिनीचा माईक कन्व्हर्टर लावून थेट गुलाबी भोकात घातला. आवाज पुटपुटल्यासारखा. तो माईक डायनॅमिक असतो, त्यातनं निघणारा करंट अगदीच बारीक, आणि गुलाबी भोक बनवलेलं असतं ते कॉम्प्युटरच्या छोट्या माईकसाठी, ज्याला उलट कॉम्प्युटरच थोडे व्होल्ट पुरवतो. मंडळाकडं मिक्सर होताच, मग मिक्सरच्या लाइन-आउटमधनं वायर काढून निळ्या भोकात घातली आणि विंडोजमध्ये लाइन-इन निवडलं की काम झालं. मात्र ॲम्प्लिफायरची स्पीकरला जाणारी वायर चुकूनसुद्धा कॉम्प्युटरला लावू नका, साउंड कार्ड तिथल्या तिथं जाईल.

तेवढ्यानं भजन संपलं नाही. गळा ऐकू जायला लागला तर पेटी आणि टाळ गायब. कारण कॉलच्या ॲपना माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळी गडबड वाटते, ती गाळून टाकायची त्यांना सवयच. पेटीचा एकच सूर लांबला की ते समजतं पंख्याचा आवाज आहे आणि दाबून टाकतं. झूममध्ये ह्यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून सोय आहे, ती सेटिंगमध्ये चालू करून मीटिंगमध्येपण वरनं चालू करावी लागते, मग पेटी, पखवाज, टाळ सगळं जातं.

उलटं प्रकरण वडगावचं. वडगावला, खासबागेत आमच्याकडं घराघरात कापड विणायचे माग, दिवसभर खटक-खटक चालू. आत्तेबहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, आदल्या दिवशी तिनं मैत्रिणीला कॉल लावून बघितला तर मैत्रीण म्हणाली अर्धे शब्द खाल्ले जातायत. मला फोन, "दादा, मी एवढा ओरडालोय तरी तिला निम्मंच ऐकू जालंय." ओरडून काय होणार, माईक होता वेबकॅमचा, दोन हात लांब, त्याच्याकडं मागाचा आणि तिचा आवाज जवळपास सारखाच पोचत होता, आणि ॲप माग कापताना तिचे शब्दपण कापत होतं. गाळणी सेटिंगमध्ये हायवर होती ती लोवर आणली आणि तोंडाजवळ दांडी येणारा साधा वायरचा हेडसेट लावला. माईक ओठाच्या कडेला दोन बोटांवर ठेवला, अगदी समोर नाही, समोर ठेवला तर प आणि फ म्हणताना फुसफुस येते. माग पलीकडं चालूच होता. मला वाटतं सेटिंगमध्ये तासभर डोकं घालण्यापेक्षा माईक एक वीत जवळ आणणं कधीही बरं.

प्रतिध्वनीचं मात्र लोकांना पटवून देताना माझ्या नाकी नऊ येतात. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येतोय ना, तर गडबड तुमच्याकडं नाही, पलीकडं आहे. तुमचा आवाज पलीकडच्या स्पीकरमधनं बाहेर पडतो, त्यांच्या माईकमध्ये शिरतो आणि तुमच्याकडं परत येतो. ज्याच्यामुळं होतंय त्याला कळतच नाही, त्याला सगळं स्वच्छ ऐकू येत असतं, आणि वर तोच म्हणतो "तुमच्याकडं काहीतरी प्रॉब्लेम आहे बघा." आमच्या मावशीनं ह्या पायी तीन पिढ्यांच्या कॉलमध्ये सगळ्यांचं ऐकून घेतलं, म्हातारी माणसं, कॉम्प्युटर जुना, म्हणजे चूक हिचीच असणार, आणि निघालं काय तर परदेशातल्या पोरानं मोठे स्पीकर फुल्ल आवाजात लावलेले. ॲप स्पीकरचा आवाज माईकमधनं वजा करायचा प्रयत्न करतं, पण आवाज फारच मोठा असला, फाटत असला, किंवा ब्लूटूथ स्पीकरमुळं उशिरा येत असला की त्याचा हिशोब चुकतो. ग्रुप कॉलमध्ये एकेकाला म्यूट व्हायला सांगा, ज्याच्या म्यूटनं घुमणं थांबलं त्याला हेडफोन लावायला सांगा. एकाच खोलीत मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच मीटिंगला जोडले असतील तर घुमत नाही, सरळ किंचाळतं, एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. आणि तुमचा आवाज तुम्हालाच तुमच्या हेडफोनमध्ये, कॉल नसतानापण, ऐकू येत असेल तर ती वेगळी भानगड, माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये लिसन नावाचा टॅब आहे, त्यातली खूण काढा.

ब्लूटूथ हेडफोनवाले म्हणतात गाणी भारी वाजतात आणि कॉल लागला की आवाज पार पडतो. तो बिघाड नाही. साध्या ब्लूटूथला चांगला स्टीरिओ आवाज आणि माईक दोन्ही एकदम जमत नाही, माईक चालू झाला की तो फोनच्या पद्धतीवर जातो आणि ऐकण्याचा दर्जापण खाली येतो. डेस्कटॉपला उपाय सोपा आहे, ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि माईक म्हणून वेबकॅमचा नाहीतर दुसरा कुठला निवडा. कॉल लागला की चाललेलं गाणं आपोआप बारीक होतं तेपण बिघाड नाही, त्याच साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स टॅबमध्ये विंडोजनं बाकीचे आवाज ऐंशी टक्के कमी करायचं ठरवून ठेवलेलं असतं, 'डू नथिंग' करा.

माईकमध्ये सारखा घूं आवाज येत असेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला मागं बोट लावून बघू नका, टेस्टरनं बघा. टेस्टर पेटला किंवा कधी हात लागल्यावर मुंग्या आल्या असतील तर अर्थिंग नाही किंवा ढिलं आहे, आणि तीच पन्नास हर्ट्झची घरघर माईकमध्ये शिरते. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला जुने वायरमन सांगायचे ते उगाच नाही. पण तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेली असेल तर पाणी ओतून काय होणार, वायरमनलाच बोलवा. करंट गेल्यावर इन्व्हर्टरवर तेवढंच भुणभुण येत असेल तर तो बहुतेक साधा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असतो, माईक बिचारा निर्दोष.

आवाज तुटतुटत जातोय, मध्येच रोबोटसारखा होतोय, तर माईक सोडा, नेट बघा. बोलण्याला खरं म्हणजे नेट फार कमी लागतं. ओपस नावाची आवाज दाबून पाठवायची पद्धत २०१२ साली ठरली, ब्राउझरमधले कॉल बहुतेक तिच्यावरच चालतात, आणि ती सेकंदाला ६ किलोबिटपासनं ५१० किलोबिटपर्यंत कशातही काम भागवते. खातो तो व्हिडिओ. व्हिडिओ बंद केल्यावर आवाज नीट झाला तर तुमचं अपलोड कमी पडतंय. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतनं वायफाय नीट येत नाही, डेस्कटॉप काही उचलून फिरवायचा नसतो, एक लॅनची वायर राउटरपासनं ओढून घ्या, एकदाच काय ते होऊदे.

नवीन घ्यायचाच असेल तर मी वायरचा यूएसबी हेडसेट घ्या म्हणतो. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं, म्हणजे गुलाबी-हिरवं, तीन रेघा, पुढचं पॅनल, ह्यातली कुठलीच कटकट उरत नाही, फक्त ॲपमध्ये त्याचं नाव निवडायचं. दुकानात घेताना नुसतं गाणं वाजवून दाखवतात तेवढ्यावर भागवू नका, दुकानाच्याच कॉम्प्युटरला लावायला सांगा, साउंड रेकॉर्डरमध्ये दोन वाक्यं बोला आणि ऐकून मग बिल करा. दुकानदार जरा कुरकुरतो, पण करून देतो.